राबतं घर

१

सावळाआबाची घरात शिरायची एक रीत होती. लोहगडवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून त्याचं घर. दिवस कलला की तो शेरडं घेऊन उतरायचा, ती दावणीला बांधायचा, दगडावर पाय धुवायचा आणि उंबऱ्याशी येऊन खाकरायचा. मोठ्यानं नाही, घशात काही अडकल्यासारखं. आत सून असते, ती आपल्या कामात असेल, पदर सावरून घेईल, म्हणून बापजाद्यांनी लावलेली ही सवय. आता सून रूपा गडाच्या पायथ्याला भजी-ताकाचा स्टॉल चालवायची, ड्रेस घालायची. सावरायला पदरच नव्हता. तरी आबा खाकरायचा, आणि आतून त्याची म्हातारी बाया म्हणायची, "आलाव? या." मगच त्याचं पाऊल आत पडायचं.

बायाच्याही तिच्या खोडी होत्याच. भाकरी थापून झाली की ती बोटांचं पीठ काठवटीच्या कडेवर झटकायची. टक्. दर भाकरीला एक. आबाला अंगणात बसून कळायचं, आज किती जेवणारे आहेत ते. आणि दुपारची भांडी झाली की ती मधल्या भिंतीला डोकं टेकून बसायची. तिथं तेलाचा काळपट गोल डाग पडला होता. रूपा म्हणायची, "आत्यांनी जित्तेपनीच फोटो लावून घेतलाय भितीवर."

त्या हिवाळ्यात आबाच्या पोरानं, गणेशनं, घराची कौलं उतरवून पत्रे घालायला काढले. घर उघडं पडलं. थंडी तर मावळातली, हाडात शिरणारी. म्हातारी माणसं ठेवायची कुठं, हा घोर गणेशला लागला, आणि नेमका त्याच वेळी सोमाटण्याचा आदिनाथ गाडी घेऊन वाडीत आला. आदिनाथ बागायतदाराचा मुलगा. शेती भावाकडे टाकून तो लोणावळ्याच्या बंगल्यांना माणसं पुरवायचा.

"आबा, मॅडमला तुमच्यावानी जोडपं पायजे," तो म्हणाला. "काम काय बी न्हाई. नव्या बंगल्यात फकस्त ऱ्हायचं."

"राखन?"

"राखणीला वॉचमन हाय. तुमी घर वापरायचं. रांधायचं, खायचं, निजायचं."

बायानं सुपातून मान वर केली. "आन मालक?"

"मालक मागनं येनार."

"मंजी आमी उष्टं करायचं आन त्येंनी मागनं ऱ्हायचं? उलटंच हाय की बाबा तुमचं."

आदिनाथ हसला. गाडीतून मॅडम उतरल्या. ज्योत्स्ना मॅडम. अंगावर साधी सुती साडी, पायात साध्या चपला. आबाला वाटलं होतं कोणी झगमगीत बाई असेल. ती आली आणि सरळ उघड्या घरात शिरून मधल्या भिंतीपुढे उभी राहिली. तेलाच्या डागावर तिनं तळहात ठेवला, डोळे मिटले. जशी आई पोराचा ताप बघते, तशी.

गाडीच्या मागच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. हात मांडीत, नजर हातावर. बायानं पाणी नेलं, तर तिनं तांब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आई आहे माझी," मॅडम म्हणाल्या. "ती उतरत नाही."

२

बंगला लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, दरीच्या कडेला होता. आबानं बंगले पुष्कळ पाहिले होते, त्यांच्या बागांना पाणी घातलं होतं. सगळे आरशासारखे, आत गेलं की आपलंच तोंड चार ठिकाणी दिसायचं. हा तसा नव्हता. चुन्याच्या भिंती, कोबा घोटून केलेली गार जमीन, भिंतीत कोनाडे, लाकडाच्या खुंट्या, दाराला चांगला वीतभर उंबरा. तरी त्यात काही तरी उणं होतं. नवं मडकं वाजवून बघितल्यावर येतो तसा आवाज त्या घरात येत होता.

आदिनाथ सामान ठेवता ठेवता मॅडमचं कौतुक सांगत होता. सोमाटणे फाट्यावर एका गाळ्यात टेबल टाकून तिनं सुरुवात केली. कपाटं करून द्यायची, पडदे लावून द्यायची. पहिलं घर केलं तळेगावात, आपल्याच आईला त्यात ठेवून. त्या घरातलं स्वयंपाकघर बघायला मुंबईची माणसं आली. मग मासिकात फोटो, मग बक्षिसं, मग दुबईचं बोलावणं.

"बाकीचे लोक पॉलिश पेपर घासून घर जुनं करत्यात," आदिनाथ म्हणाला. "मॅडमचं तसं न्हाई. मॅडमचं घर राबतं असतं. मालक पयल्या दिवशी आत पाऊल टाकतो आन त्याला वाटतं, हितं कुनीतरी माजी वाट बघत व्हतं. आधी शहरातली मानसं ठिवून बघितली. न्हाई जमलं. ती पाव्हन्यागत ऱ्हात्यात. भितीला हात लावत न्हाईत."

मॅडम उंबऱ्याशी उभ्या होत्या. "मावशी, आपलंच घर समजा," त्या बायाला म्हणाल्या. नुसतं बोलायची पद्धत असते, तसं नाही. तोलून, एकेक शब्द ठेवून.

बायाला ते सांगायची गरजच नव्हती. परक्या चुलीवर शिजलेलं अंगी लागत नाही, ही तिच्या माहेरची समजूत. मुक्काम एका रातीचा असो की हंगामाचा, घराला आधी आपलं म्हणायचं. तिनं उंबऱ्यावर हळदीची बोटं ओढली, कोनाड्यात दिवा ठेवला, गॅसवर दूध उतू जाऊ दिलं आणि पहिल्या भाकरीचा तुकडा शेगडीपाशी ठेवून म्हणाली, "आमी आलोय गं बाई. आता तू आमची."

आबाचं लक्ष मॅडमकडे गेलं. ती हसली नाही, फोटो काढला नाही. ती श्वास धरून ऐकत होती.

मग तिचं येणं-जाणं सुरू झालं. यायची, माजघरात पाटावर बसायची आणि बाया भाकऱ्या थापायला लागली की डोळे मिटायची. टक् झालं की तिच्या ओठाचा कोपरा हलायचा. रंगारी भिंतीला शेवटचा हात द्यायला आले तेव्हा बायाच्या डोक्यामागं तेलाचा पुसट गोल उमटला होता. त्यावर मॅडमनं कागद चिकटवला. "याला ब्रश लावाल तर खबरदार."

एकदा तिनं आबाला विचारलं, "काका, तुम्ही आत येताना खाकरता. इथं तर सून नाही."

"सवय हाय, बाई."

"रोज खाकरत जा. विसरू नका."

आबाच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली. माणूस घर विकत घेतो, लाकूड घेतो, चुना घेतो. दुसऱ्याच्या खाकरण्याशी त्याला काय करायचं असतं? रात्री तो बायाला म्हणाला, "ही बाई आपल्याकडं बघतच न्हाई. आपल्या मागं काय उरतं त्येच्याकडं बघती."

"तुमचं काय तरीच," बाया म्हणाली. "गरम पानी येतंय नळाला. गप निजा."

३

पत्रे झाले. गणेशचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी आदिनाथ गाडी घेऊन दारात उभा.

आबाच्या लोकांत एक चाल आहे. वरईच्या राखणीला सगळं कुटुंब माळावर खोपटात राहायला जातं. पीक निघालं की परत उतरताना घरातली बाई चुलीतला एक निखारा खापरात घेते आणि खोपटाकडे तोंड करून सगळ्यांना नाव घेऊन बोलावते. चला, घरी चला. पोरासोरांचं नाव, म्हाताऱ्याचं नाव, शेवटी स्वतःचं. मग मागं न बघता निखारा घेऊन चालू लागायचं आणि घरच्या चुलीत तो टाकायचा. का, म्हणून कुणी विचारत नाही. जनावर मोजून आणतात, तसं माणूस बोलावून आणायचं, एवढंच.

बाया खापर शोधायला लागली. खापर नव्हतं. तिनं स्टीलची वाटी घेतली आणि गॅसपुढे उभी राहिली. बटण फिरवलं, निळी फुलं उमलली. बटण बंद केलं, फुलं गेली. वाटीत घ्यायला मागं काहीच उरलं नाही.

"अवं, निखारा कसा घ्यायचा हो ह्येचा?"

"मावशी, चला, घाटात ट्रॅफिक लागतंय," बाहेरून आदिनाथ.

"नुसती नावं तरी घिती."

माजघरात बसलेल्या मॅडम पुढे आल्या. बायाच्या हातातली वाटी त्यांनी हळूच काढून घेतली, धुऊन फडताळात ठेवली. "राहू द्या मावशी," त्या म्हणाल्या. "काही न्यायची गरज नाही. सगळं असू द्या इथंच."

बाया शरमली. वाटी पळवते आहे असं बाईला वाटलं की काय, या लाजेनं ती खालमानेनं गाडीत बसली. नावं घ्यायची राहिली. आबाला ते कळलं होतं, पण लोकाच्या गाडीत बसल्यावर कसं सांगायचं, परत वळा म्हणून? त्यानं मागं बघितलं. दार लावून मॅडम आतच राहिल्या होत्या.

४

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी आबा शेरडं बांधून आत गेला, तर रूपा दचकून चुलीपासून उठली. हातातली पळी पडली.

"आबा, खाकरला न्हाई?"

"खाकरलो की."

"न्हाई वो. भूत आल्यागत आला."

आबाला वाटलं, खाकरलो होतो. मग वाटलं, नसेल. दुसऱ्या दिवशी तो उंबऱ्याशी मुद्दाम थांबला. घसा आवळला, तोंड उघडलं. नुसता वारा आला. तो तसाच उभा राहिला. आतून कुणी 'या' म्हणेना आणि न बोलावता आत जायला पाय उचलेना.

बाया भाकरी करायची. गोल, पातळ, अगदी पहिल्यासारखी. पण टक् नाही. बोटांना पीठ तसंच वाळत राहायचं आणि ती त्या बोटांकडे बघत बसायची, कुणाची आहेत ही, अशी. दुपारी भिंतीला डोकं टेकायची नाही. भिंतीवरचा जुना डाग वाळून पापुद्र्यासारखा सुटायला लागला होता. आबानं त्याला नख लावलं तर भुकटी पडली.

एक दिवस स्वयंपाकघरात उभी राहून तिनं रूपाला विचारलं, "मीठ कुटं ठिवता वो तुमी?"

रूपा आधी हसली. "आत्या, तुमीच ठिवलंय की, पाटीमागं." मग तिचं हसू विरलं. सासू तिला 'तुमी' म्हणाली होती.

गणेशनं तळेगावला डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, वय आहे, रक्त कमी आहे, गोळ्या द्या. आबाही स्वतःला तेच समजावत राहिला. म्हातारपणी माणूस विसरतं. त्याची आई शेवटी शेवटी स्वतःचं नाव विसरली होती. त्यात काय नवल? पण आईचं जे गेलं ते झिजत झिजत गेलं होतं, साबणासारखं. बायाचं तसं नव्हतं. बायाचं एकदम उचललं होतं, खुंटीवरचं कांबळं उचलावं तसं. आणि कांबळं उचललं म्हणजे ते कुठं तरी असतंच.

तिच्याकडे बघता बघता एके दुपारी त्याला गाडीतली म्हातारी आठवली. हात मांडीत, नजर हातावर.

५

तिथला निखारा नाही, तर आपलाच नेऊ. वाट तर दाखवील. असा विचार करून आबानं चुलीतला चांगला धगधगता निखारा डब्यात राखेखाली पुरला, डबा फडक्यात बांधला आणि बायाला म्हणाला, "चल."

"कुटं?"

"तुला आनायला."

ती उठली आणि त्याच्या मागं निघाली. मिळेल त्या गाडीनं, चालत, असं करत दोघं टळटळीत दुपारी बंगल्याच्या फाटकाशी पोचली. वॉचमन हनुमंत ओळखीचाच. त्यानं माठातलं पाणी दिलं.

"मालक न्हाईत, आबा. कुलूप हाय. पर लय खूश हायेत. म्हनत्यात, घर कसं भरल्यावानी वाटतं. एकटं झोपलं तरी एकटं वाटत न्हाई."

"आत कोन ऱ्हातंय आता?"

"कोन ऱ्हाईल? मालक येऊन-जाऊन. तुमी दोघं सोडून अजून कुनी ऱ्हायलंय का हितं?" हनुमंत सहज म्हणाला आणि फाटकाकडे गेला.

आबा बायाला घेऊन मागच्या अंगाला आला. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, कडीवर धूळ होती. त्यानं डबा सोडला, राख बाजूला केली. निखारा अजून लाल होता. तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. नावं घ्यायचं काम बाईचं. पण बाईच नसेल तर कुणी घ्यायचं?

तोंड उघडणार, तोच आतून आवाज आला.

टक्.

आबानं श्वास धरला. नळ टपकत असेल. लाकूड तडकत असेल, नवं लाकूड उन्हानं तडकतंच. मग तळहातांवर थापल्याचा ओला आवाज, आणि पुन्हा टक्. त्यानं बायाच्या हाताकडे पाहिलं. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

खिडकीची खालची काच धुरकट होती. तिच्यामागं ओट्याच्या उंचीवर काहीतरी हिरवं हललं, बायाच्या बांगड्यांसारखं. वर डोक्याच्या जागी उजेड होता की पांढरे केस, ते कळेना.

आणि मग आत, माजघराच्या उंबऱ्याशी, कुणीतरी खाकरलं. मोठ्यानं नाही. घशात काही अडकल्यासारखं.

"आलाव?" आतून बायाचा आवाज. "या."

आपला आवाज माणसाला बाहेरून कधी ऐकायला मिळत नाही. पण आपल्या शेरडाची घंटा शंभर घंटांत कळते, तसं त्याला ते खाकरणं कळलं. निखाऱ्याचा डबा त्यानं दारापुढे केला. आणि सगळं बळ एकवटून म्हणाला,

"बाया, चल, घरी चल. सावळा, चल, घरी चल."

आतलं थापणं थांबलं.

"कोन हाय वो दारात?" आतल्या बायानं विचारलं.

उंबऱ्यावरून पाऊल आत पडल्याचा आवाज झाला. मग एक म्हातारा, शांत, पोटभर सुखात असलेला आवाज म्हणाला,

"कुनी न्हाई. वाट चुकलंय कुनीतरी. तू वाढ."

टक्.

बायानं, बाहेरच्या बायानं, आबाची बाही ओढली. घरातून निघाल्यापासून तिनं आपणहून तोंड उघडलं ते तेव्हा. "चला," ती हळू म्हणाली. "लोकाच्या दारात किती उभं ऱ्हायचं?"

६

आता रूपाला सवय झाली आहे. दिवस कलला की ती उंबऱ्यापाशी बघते. म्हातारा पाय धुऊन दाराबाहेर उभा असतो. "या आबा, बसा," ती म्हणते, तेव्हा तो आत येऊन भिंतीपासून थोडं अंतर राखून बसतो. पाणी दिलं तर पितो. वाढलं तर जेवतो. अजून घे म्हटलं तर पुरे म्हणतो.

परवा गडावरची गर्दी ओसरल्यावर आदिनाथची गाडी वाडीत आली. मॅडम उतरल्या. मागच्या सीटवर त्यांची आई होती.

टाकवे बुद्रुकला नवीन घर चाललंय, मॅडम म्हणाल्या. तरुण मालक आहेत, त्यांना म्हातारं घर नको. त्यांना हवं हसतं-भांडतं, नव्या संसाराचं घर. म्हणून गणेश आणि रूपा आले तर बरं. थोडेच दिवस. काम काहीच नाही.

"काम न्हाई कसं?" रूपा हसली. "ह्येंच्यासंगं ऱ्हायचं हेच काम हाय." मॅडम त्या हसण्याकडे मान कलती करून ऐकत राहिल्या. गणेश म्हणाला, स्टॉल काही दिवस दुसऱ्या कुणाला देता येईल. रूपानं तर विचारूनही घेतलं, तिथं मिक्सर आहे का.

"काका राहिलेत की माझ्याकडे," मॅडम वळून म्हणाल्या. "तुम्हीच सांगा ना काका त्यांना."

सगळ्यांनी आबाकडे बघितलं. आणि सांगायचं सगळं आबाच्या जिभेवर आलं होतं. निखारा, नावं, काचेमागचं हिरवं. सून उभी होती समोर, ओढणीला हात पुसत, हसण्याचा शेवट अजून तोंडावर असलेली. एक शब्द पुरला असता. 'जाऊ नगा.' त्यानं तोंड उघडलंही.

मग त्याची नजर घरभर फिरली. नवे पत्रे, चूल, काठवट, भुकटी पडलेली भिंत. कुणाचं होतं हे घर? चांगली माणसं होती. या म्हणत होती, बसा म्हणत होती, रोज जेवायला घालत होती. अशा लोकांच्या घरातल्या मसलतीत पाहुण्यानं बोलायचं नसतं, एवढी रीत त्याला होती.

त्यानं तोंड मिटलं. बाहेर गाडीचं मागचं दार उघडं होतं. बाया कधी जाऊन आत बसली होती कुणास ठाऊक. दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी, हात मांडीत, आपापल्या हातांकडे बघत.

"मग काका?" मॅडम म्हणाल्या.

"बरं हाय तितं," आबा म्हणाला. "गरम पानी येतं नळाला."